तिसरा रिपोर्ट

यवतमाळहून पुण्यात येऊन चंपामावशींना एकोणीस वर्षं झाली, पण तोंडातलं "बाप्पा!" काही सुटलं नाही. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत त्यांची मेस. क्लासला आलेली चाळीस पोरं-पोरी तिथं जेवायची, आणि पोट बिघडलं की गोळीही मावशींकडेच मागायची. मावशींचा शिरस्ता ठरलेला: ताप उतरला, जुलाब थांबले, की गोळ्या बंद, उरलेल्या पुढच्यासाठी जपून ठेवायच्या. अन्न आणि औषध टाकू नये म्हणे! घ्या, आता भोगा.

कारण मार्चमध्ये त्यांनाच टायफॉइड झाला. कुणाच्या तरी उरलेल्या चार गोळ्या घेतल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ताप ढिम्म हलेना. दवाखान्यात दहा दिवस इंजेक्शनं टोचली तेव्हा कुठं माणसात आल्या. डॉक्टर म्हणाले, "अशा अर्धवट औषधांनीच जंतू निगरगट्ट होतात, मावशी. हे तर साध्या गोळ्यांना भीकच घालत नाहीत. शौचाच्या तीन तपासण्या ओळीनं स्वच्छ येईपर्यंत स्वयंपाकाला हात लावायचा नाही."

तेव्हापासून हाताखालची शालू स्वयंपाक करते आणि मावशी उंबऱ्याबाहेर खुर्चीवर. बाई ठणठणीत. जिना दमदार चढतात, भूक लागते, झोप लागते. "मले झालं तरी काय?" हे दिवसातून दहादा. फोडणी करपल्याचा वास आला की जीव तुटतो, पण आत पाय टाकायची सोय नाही. आपल्याच घरात कोंडल्यासारखं झालं होतं त्यांना.

पहिले दोन रिपोर्ट स्वच्छ आले. तिसरा यायच्या आधीच मावशी "उद्या वडाभात!" सांगत सुटल्या. तिसऱ्यात जंतू निघाले. पित्ताशयात दडून बसलेत म्हणे. आता वेगळं औषध, पुन्हा पहिल्यापासून तीन तपासण्या. नाहीच गेले तर ऑपरेशन.

घरी आल्या तर शालू बाजारात गेलेली आणि दारात मेसला जेवणारी निकिता. परीक्षा चार दिवसांवर, तोंडाची चव गेलेली.

"मावशी, आज तुम्हीच करा ना. शालूताईंना कोण सांगतंय? किती छान दिसताय तुम्ही!"

मावशी स्वयंपाकघरात शिरल्या. खोटं कशाला बोला, शिरल्याच. कणकेचा डबा उघडला, आणि हात तसाच राहिला. याच हातांनी ते जंतू चाळीस ताटांत गेले असते. बाहेर येऊन त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली निकिताच्या हातात कोंबली.

"शालूले दे. मी पाया पडली तरी मले देऊ नका म्हणावं."