मामा वाट चुकला त्या दिवशी

आसनगाव स्टेशनबाहेर जीपवाल्याने मोरागकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "माहुलीच्या किल्ल्यावर ना?" गोरी बाई दिसली की ती किल्लाच चढणार, असा त्याचा ठाम समज. "नाही, किन्हवलीकडे. गोष्टी ऐकायला," मी म्हटलं. त्याने क्षणभर विचार केला आणि भाडं वाढवलं.

मोराग माझी मैत्रीण, स्कॉटलंडच्या एका बेटावरची. तिची मायबोली गेलिक. बेटावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून त्या भाषेतल्या गोष्टी गोळा करणं हा तिचा उद्योग, आणि शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतून गोष्टी गोळा करणं हा माझा. याला काम म्हणावं की नाही, हे आम्हा दोघींच्याही घरच्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

किन्हवलीच्या पुढे फाट्यावर उतरून आम्ही वाडीत पोचलो. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, चुलीवर कोंबडी रटरटत होती. हिराआजींच्या घरात शिरताना मोरागचं डोकं वळचणीला असं आपटलं, की ती गेलिकमध्ये काहीतरी पुटपुटली.

"देवाचं नाव घेतलं वाटतं," आजी म्हणाल्या.

मी हो म्हटलं. ते देवाचं नाव नव्हतं.

आजींची कीर्ती ऐकून आलो खरं, पण दिवस चुकला होता. त्यांच्या नातीची, सुनीताची, त्याच दुपारी सुपारी फुटायची होती (म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं). मुलाकडची माणसं येणार होती, आणि मुरबाडकडून सुनीताचा मामा. मामा नसेल तर सुपारी फुटत नाही.

"दिसा (दिवसा) गोष्ट सांगत नाय बाय," आजींनी हात झटकले. "मामा वाट चुकतो."

मोराग हिरमुसली. मग म्हणाली, निदान माझी तरी ऐका.

"सांगू दे," आजी उदारपणे म्हणाल्या. "तिचा मामा चुकंल, आपला नाय."

मोराग सांगत गेली, मी मराठी करत गेले. तिच्या गोष्टीत तळ्यातला घोडा देखण्या तरुणाचं रूप घेऊन एका मुलीला मागणी घालतो. तिला त्याच्या केसांत शेवाळ दिसतं आणि ती पळत सुटते.

"लगीन मोडलं?" दाराआडून आवाज आला. सुनीता होती.

"मोडलं," मी म्हटलं.

ती बाहेर आली, नव्या साडीसकट आजींच्या पायाशी बसली. "आजी, ती वाघाची सांग ना गो."

"आज? मामा यायचाय तुझा."

"मोबाईल हाय त्याच्याकडं. मोबाईलवाला कुठं चुकतो?"

आजींना मोह आवरला नाही. वाघ पोरीला मागणी घालायला येतो. बाप घाबरून हो म्हणतो. पोरगी म्हणते, आधी आमची आवणी (भातलावणी) उरकून दे. चिखलात वाकून वाकून, नुसती पेज पिऊन वाघ इतका वाळतो, की त्याचं मांजर होतं. कंबर धरून चालणाऱ्या वाघाची आजींनी अशी नक्कल केली, की मोराग एक शब्द न कळता डोळे पुसत हसत होती. सुनीता मात्र गोष्ट संपण्याआधीच उठून मागच्या दाराने गेली.

मुलाकडचे आले. मामा आला नाही. फोन लावला तर बंद. ऊन कललं तसे सुनीताचे वडील आजींसमोर उभे राहिले.

"आये, दिसा गोष्ट सांगितलीस काय?"

आजी मान खाली घालून बसल्या. सगळं अंगण आमच्याकडे बघू लागलं. एका मुलीचं लग्न आपण आपल्या हौसेपायी मोडलं होतं.

"मी माफी मागू का?" मोरागने विचारलं.

"आधी निघू," मी म्हटलं.

पाहुण्यांनी कोंबडीवर राग काढला नाही. पोटभर जेवून, "पुढं बघू" म्हणत उठले. त्यांच्या धुळीमागून आम्हीही सटकलो.

सरळगावच्या नाक्यावर चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर कडक इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी घातलेला एक माणूस निवांत वडे खात होता. मोरागला बघून तो सरकून बसला.

"तुमीच का त्या गोष्टवाल्या? मी सुनीताचा मामा. वाट चुकलोय."

मी बघतच राहिले. तो हसला.

"सकाळी पोरीचा फोन आला. मामा, मला शहापूरला नर्सिंग शिकायचंय, बाप ऐकत नाय, तू येऊ नको. मी म्हटलं, यावंच लागंल, न यायला कारण कुठनं आणू? दुपारी पुन्यांदा फोन. मामा, कारण गावलं, गोरी बाई आलीय, आजी गोष्ट सांगते, फोन बंद कर." त्याने मिरची चावली. "आता म्हातारीचा शब्द मी खोटा कसा पाडू?"

निघताना त्याने सुनीतासाठी माझा नंबर मागून घेतला.

कल्याणच्या एसटीत मी मामाचं बोलणं समजावलं, तेव्हा मोराग पोट धरून हसली. "आमच्याकडे असल्या समजुती छान जपून ठेवल्यात," ती म्हणाली. "कपाटात. त्यांच्या जोरावर लग्न मोडायचं कुणाला सुचत नाही."

मी मात्र दुसऱ्याच काळजीत घरी आले. मामा असा किती वेळा चुकणार? मुलाकडचे पुन्हा येणार, तेव्हा ती पोर काय करणार?

भर पावसाळ्यात सुनीताचा फोन आला. "ताई, ॲडमिशन झाली. शेवटी मीच बोलले बाबांशी."

"मग?"

"लय दिवस बोलले नायत माझ्याशी. पन शहापूरला खोली बघायला तेच आले. खाटेवर बसून बघितलं, खिडकीची कडी लावून बघितली. मग म्हनाले, पंखा लय आवाज करतो गो, झोप लागंल ना तुला?"