मागचा शाफ्ट काढून बटेश्वरला

त्या रविवारी सकाळी पूजा आटोपली, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे ठेवलेली गाडीची किल्ली उचलली आणि सतरंजी घेऊन जीपखाली शिरलो. डिसेंबरची थंडी फरशीतून पाठीत चढत होती.

आमची जुनी फोर-बाय-फोर जीप साठच्या पुढे गेली की थरथरायची. टायर बदलून झाले, बॅलन्सिंग दोनदा झालं. शेवटी ग्वाल्हेरातल्या आमच्या हजीरा भागातल्या मिस्त्रींनी उपाय सांगितला: इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लोखंडी दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, काढून घरी ठेवायचा, आणि नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी चालवून बघायची.

"काँपना बंद हुआ तो बीमारी शाफ्ट में है. नहीं तो आगे ढूँढेंगे," ते म्हणाले होते. "और अकेले मत जाना साहब. एक चलानेवाला चाहिए, एक महसूस करनेवाला."

शाफ्ट परत तसाच बसावा म्हणून दोन्ही टोकांना खुणा कराव्या लागतात. तेलकट लोखंडावर खडू उठेना. एवढ्यात वरून नेलपॉलिशची बाटली खाली आली.

"हे घ्या. पण जरासंच हां, नवीन आहे."

ही शैला, माझी बायको. दोन वर्षांपूर्वी एका तापात तिचे दोन्ही कान गेले. आता समोर बघून सावकाश बोललं तर ती ओठांवरून ओळखते. लांबलचक काही असेल तर पाटी. मी साताऱ्याकडच्या खेड्यातल्या शाळेत शिकलो, पाटी-पेन्सिलीशी माझी जुनी ओळख. गाडीत मात्र माझी नजर रस्त्यावर असते, म्हणून ती बोलते आणि मी तिच्या हातावर बोट वाजवून उत्तर देतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

खरं तर ही जीप तिची. तिचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. "घोडे गेले, मांड राहिली," असं ती हसून म्हणायची. अकरा वर्षं तिनंच ही गाडी चालवली, मी शेजारी बसून पेरू कापायचो. दवाखान्यातून तिला घरी आणलं त्या दिवशी मी किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. आधी ती कृतज्ञता होती. मग तिथेच राहू दिली. देव्हाऱ्यातली वस्तू शैला उचलणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिनं दोन-तीनदा विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "ती आता देवाची आहे." त्यानंतर तिनं विचारलं नाही.

आम्ही निवडलेलं ठिकाण, बटेश्वर, ग्वाल्हेरहून साधारण चाळीस किलोमीटर. भिंडच्या रस्त्याला लागायचं आणि पुढे डावीकडे पडावलीची वाट धरायची. सकाळी लवकर निघावं, कारण पुढे खाण्याची सोय जवळजवळ नाही. आम्ही हजीऱ्यातच बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी खाल्ली. दोघांचं पोट भरूनही शंभराची नोट पुरून उरली.

तिथेच फजिती झाली. गाडी उभी करताना सवयीनं मी छोटा लीव्हर दोन चाकांवर, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर, टाकला होता. निघताना क्लच सोडला, इंजिन ओरडलं, गाडी जागची हलेना.

"धक्का लगाएँ का, भाईसाहब?" हलवाई कढईमागून म्हणाला.

शैलानं लीव्हरकडे बोट दाखवलं. "अहो, चारवर टाका ना! मागची चाकं आज पाहुणी आहेत, ती कशाला काम करतील?"

कुणी असा प्रयोग करणार असेल तर लक्षात ठेवा: लीव्हर सतत चारवर हवा, आणि उभी करताना हँडब्रेकबरोबर चाकाखाली दगडही लावा. लीव्हर चुकून दोनवर राहिला तर गिअर गाडी धरत नाही.

पुढच्या चाकांवर जीप वेगळीच चालते. मागून ढकलल्यासारखं वाटत नाही, बैलजोडीनं पुढून ओढल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी झाली होती. काटा साठच्या पुढे गेला आणि मला गुणगुण ऐकू आली. म्हणजे थरथर होतीच!

शैलानं चपला काढून तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकले होते, एक हात गिअरच्या दांड्यावर होता.

"गेली," ती म्हणाली.

मी दोनदा बोट वाजवलं.

"गेली म्हणते ना! एकदम साफ."

गाडी कडेला घेतली आणि पाटीवर लिहिलं, 'मला ऐकू येते आहे.'

"आवाज असेल. आवाज निराळा, थरथर निराळी. तुम्हाला दोन्ही एकत्र मिळतं म्हणून घोटाळा होतोय. असं करा, तुम्ही इकडे बसा, कानात बोळे घाला आणि खाली हात ठेवा. मी चालवते."

शेवटचे दोन शब्द तिनं अगदी सहज म्हटले, पण नजर समोरच्या काचेवर ठेवली, माझं उत्तर दिसू नये अशी. मी तिच्या हातावर दोनदा बोट वाजवलं. तिनं हात मांडीवर ओढून घेतला. पुढचे दहा किलोमीटर माझ्याकडे बोलण्याचं काहीच साधन नव्हतं.

बटेश्वरला लहान लहान देवळांच्या रांगा आहेत, पिवळट-लाल दगडाच्या. एकेकाळी हे सगळं कोसळून पडलं होतं. दगडाला दगड जुळवून पुष्कळशी देवळं पुन्हा उभी केली आहेत. तिथला रखवालदार शैलाला पाठीमागून काही सांगत होता. ती वळेना, म्हणून तो ओरडू लागला. ती वळली.

"भैया, ज़ोर से नहीं. सामने आके बोलो."

तो ओशाळला, समोर आला आणि हातवारे करून दाखवू लागला की कुठला दगड कुठे सापडला. ती प्रश्न विचारत होती, हसत होती. मी एका रिकाम्या गाभाऱ्यात पिंडीपुढे बसलो होतो. रोजच्यासारखं हात जोडले, पण मागायला काही सुचेना. मी देवाच्या आड लपलो होतो. भीती माझी होती, आणि नाव मी त्याचं पुढे केलं होतं.

बाहेर आलो. तिच्या समोर उभा राहिलो, ओठ नीट दिसतील असा, आणि म्हणालो, "परत जाताना तू चालव. मोठ्या रस्त्यापर्यंत."

तिनं किल्लीसाठी हात पुढे केला. चाकामागचा दगड काढला, सीट पुढे ओढली, तिन्ही आरसे आपल्या उंचीला लावले. मी तिच्या पर्समधल्या कापसाचे बोळे कानात घातले आणि वर हातानं कान दाबले. अनवाणी तळवे पत्र्यावर टेकवले.

काटा साठच्या पुढे गेला. तळव्यांखाली काहीच नव्हतं. तिचं बरोबर होतं.

एवढ्यात तिनं वेग कमी करून गाडी डावीकडे घेतली. का, ते मला कळेना. मग उजव्या खिडकीबाहेरून उसानं भरलेला ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या ड्रायव्हरचा हात हॉर्नवर होता. मी काहीच ऐकलं नव्हतं. तिनं त्याला केव्हाच आरशात पाहिलं होतं. तेव्हा मला दिसलं की तिची नजर आरसा, रस्ता, आरसा अशी सतत फिरते आहे. ती किती पाहते, हे मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मोठा रस्ता आला तशी तिनं आपणहून गाडी थांबवली. "आता तुम्ही," म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज रागावलेला. "दोन वर्षं, अहो. एकदा मला विचारायचं तरी."

मी एकदा बोट वाजवलं. मग पुन्हा एकदा, बऱ्याच वेळानं, म्हणजे 'नाही' असं वाटू नये.

मिस्त्रींनी शाफ्टचा सांधा फिरवून बघितला. त्यातला फुलीच्या आकाराचा तुकडा, म्हणजे क्रॉस, झिजला होता. "किसने पकड़ा?" त्यांनी विचारलं. मी शैलाकडे बोट दाखवलं. नवा क्रॉस बसला, लाल खुणा समोरासमोर आल्या. आता सत्तरलाही गाडीत चहा सांडत नाही.

आठवड्याभरानं मी परिवहन कार्यालयात गेलो. दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की बहिऱ्या माणसाला परवानगीच नसते. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की नुसत्या कानांमुळे लायसन्स अडत नाही, रीतसर कागद द्या. शैलानं कागद भरले, तपासणी झाली, होकार आला.

काल सकाळी पूजेला बसलो. बाळकृष्णाला स्नान घातलं, गंध लावलं आणि त्याची क्षमा मागितली. मग त्याच्या मागची किल्ली घेऊन उठलो आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. तो खिळा शैलानंच पूर्वी ठोकलेला आहे, तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.