कुत्र्याची पावती

लोकशाहीची काळजी आमच्या शेजाऱ्यांइतकी अख्ख्या चांद्यात कुणी वाहिली नसेल. तिने आपल्याला आत घेतलंच नाही तर काय, एवढीच ती काळजी होती. इंग्रजी अमलात मत असे ते मुख्यतः सारा आणि कर भरणाऱ्यांना. शेजारी तेव्हा मूलकडच्या एका गावाचे मालगुजार, गावाचा सारा सरकारात भरणारे. त्या गावातून मत द्यायला ते आणि त्यांचे थोरले बंधू एवढेच जात, तेही छकड्यातून. मग मालगुजारी गेली आणि तिच्याबरोबर साराही गेला. आता प्रत्येक सज्ञान माणसाला मत आहे, हे मी त्यांना वर्तमानपत्रात दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि जास्तच घाबरले. "मास्तर, मले बनवून नका राहू. ज्याच्यापासून सरकार काई घेत नाई, त्याले इचारीन कायले?"

तेव्हापासून ते आपल्याला लागू होईल असा कर शोधत हिंडू लागले. नगरपालिकेतला कारकून त्यांना पाहिलं की आतल्या खोलीत जाई. अखेर सुटका व्हावी म्हणून त्याने सांगून टाकलं, की सायकलीला कर आहे, कुत्र्यालाही आहे. शेजाऱ्यांनी दोन्ही आणली. सायकल चालवता येत नव्हती, म्हणून ती हाताने धरून बाजारात नेत आणि तरीही पडायची धास्ती घेत. कुत्रं नेमकं त्यांच्यावरच भुंके. ते स्वतःच्या घरात मागच्या दाराने शिरत. पावत्या मात्र उशाखाली असत. दारावर कुणाची थाप पडली, की हात आधी तिकडे जाई.

मतदानाच्या सकाळी रांगेत त्यांच्या मागे मी होतो आणि पुढे होता रामाळा तलावात मासे धरणारा चिंधू. पावत्या पाहून त्याचं तोंड उतरलं.

"मालक, हे लागते का?"

"तुनं काय भरलं?"

"मले तं कोनी मांगतलंच नाई." आता पोलीस धरतील, असं पुटपुटत तो टोपलं उचलून निघालाच.

सायकलीची पावती शेजाऱ्यांनी मुठीत आवळली आणि दुसरी त्याच्या हातात कोंबली. "धर. इचारलं तं सांगजो, कुत्रं माह्यं हाय म्हनून."

आत दोघांची नावं वाचली गेली, बोटांना शाई लागली. पावती कुणी पाहिली नाही. बाहेर आल्यावर शेजारी त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले. "सरकारनं फुकटच दिलं," ते हळूच म्हणाले. त्यांना आनंद झाला होता की नवी भीती बसली होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता ते नाहीत. बोटाला शाई लागली की मला त्यांचा तो आवाज आठवतो. कुत्र्याचा कर त्यांनी शेवटपर्यंत भरला. कुत्रं त्या मतदानाआधीच्या पावसाळ्यातच बिबट्याने नेलं होतं.