डोळ्यांवरचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही — ती होती तोवर सांगता आलं असतं. चर्चच्या मंडळीत तर नाहीच. देवाला वेगळं सांगायची गरज नव्हती, कारण तो त्या खोलीत होता. पण खरं सांगू का? त्याच्याशी बोलतानाही मी हा विषय टाळते. गुडघे टेकते, आजारी माणसांची नावं घेते, आमेन म्हणते आणि उठते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक असेल.

आधी बिन्यामीनकाकांबद्दल सांगू द्या. ही टाळाटाळच आहे, मला कळतंय — पण ते माणूस कसे होते ते कळल्याशिवाय मी काय केलं तेही कळायचं नाही.

परळला आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं — मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. दुसरं बिन्यामीनकाका आणि हन्नाकाकूंचं. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहून मराठी झालेले यहुदी. काका गोदीत हेडक्लार्क होते. त्यांच्या चौकटीला एक लहानशी डबी ठोकलेली होती, आत देवाचं वचन लिहिलेला कागद. येता-जाता काका तिला बोटं लावून ओठांशी न्यायचे, दुसऱ्या हातात बोंबलाची पिशवी असली तरी. शुक्रवारी संध्याकाळी काकू तेलाचा दिवा लावायच्या. काका भिजवलेल्या मनुकांच्या रसाचा पेला उचलून आशीर्वाद म्हणायचे, आणि मग उजवा हात डोळ्यांवर ठेवून शेमा — ऐक इस्राएला, आपला देव एकच आहे. लहानपणी मी ते दारात उभी राहून बघत असे. नुसते डोळे मिटून चालत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. काका म्हणाले, "मिटले तरी खिडकीतला उजेड आत येतो गं. तेवढ्यापुरता तोही नको."

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुलगा एझ्रा इस्राएलला गेला, नातेवाईक एकेक करून गेले, हे गेले नाहीत. दहा पुरुष जमल्याशिवाय त्यांची सामुदायिक प्रार्थना होत नाही, आणि शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, ते वाहनात बसत नसत. गुडघे कुरकुरत असताना परळहून भायखळ्याच्या बाजूला त्यांच्या प्रार्थनामंदिरात चालत जायचे. का? तर, "मी गेलो नाही आणि नऊच उरले तर?" त्यांच्या भक्तीत दाखवायला असं काही नव्हतंच. माझ्या भक्तीत मात्र होतं — आणि भरपूर होतं.

दादरच्या आमच्या मंडळीत मी बायबलमधल्या संदेष्ट्यांवर अभ्यासवर्ग घ्यायचे. यशया, यिर्मया, जखऱ्या. आमच्यात या बाबतीत दोन तट आहेत. एक म्हणतो, देवानं यहुद्यांना दिलेली वचनं आता मंडळीकडे आली, त्यांचा अध्याय संपला. दुसरा म्हणतो, देव दिलेला शब्द मागे घेत नाही. अब्राहामाशी केलेला करार अजून उभा आहे, आणि शेवटच्या काळात ते लोक आपल्या मसीहाला, म्हणजे येशूला, ओळखतील. मी या दुसऱ्या तटातली, आणि कट्टर. प्रेषित पौल म्हणतो तसं यहुदी हे मूळ, आपण त्यावर कलम केलेली रानटी फांदी, मुळापुढे कसली ऐट करायची — हे मी वर्गात किती ऐटीत सांगायचे! काकांनाही सांगायचे. ते हसायचे. "करार आमचा आणि शिकवणी तुझी!" पण ऐकून घ्यायचे, आणि जाताना काकू मलिद्याची वाटी हातावर ठेवायच्या — गोड पोहे, खोबरं, वर खजूर.

मी त्यांच्यावर प्रेम करत होते. हेही खरं आहे. ते खरं नसतं तर बरं झालं असतं का?

काकांना जवळच्याच इस्पितळात ठेवलं होतं. शेवटचा दिवस शुक्रवार. ऊन उतरायला लागलं तसं त्यांनीच काकूंना घरी पाठवलं — "जा, दिवा लाव." काकू माझ्या खांद्याला हात लावून गेल्या. तू आहेस ना, असा तो हात होता.

आणि मी काय केलं? मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "काका, एकदा प्रभू येशूचं नाव घ्या." मरणाऱ्या माणसाला, त्याची बायको त्याच्या घरचा दिवा लावायला गेलेली असताना! काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही. मग सुई टोचलेला उजवा हात हळूहळू उचलला आणि डोळ्यांवर ठेवला. ओठ हलले. मी ऐकलं. शेमा इस्राएल — शेवटच्या शब्दापर्यंत स्पष्ट. काकू परतायच्या आत ते गेले.

शनिवारी त्यांच्यात माती देत नाहीत. रविवारी वरळीला दिली. मी ढसाढसा रडले.

त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या नव्या तरुण पाळकसाहेबांनी उपदेश केला, तो नेमका पहिल्या तटाचा. इस्राएलची वचनं संपली, आता सगळं आपलं. मागच्या बाकांवरून माना डोलत होत्या. उपदेशानंतर साक्ष द्यायची वेळ असते — देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते ज्याला वाटेल त्यानं उठून सांगायचं. मी उठले. देवाचा शब्द उभा आहे, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणाले. एका यहुदी म्हाताऱ्यानं माझ्यासमोर डोळ्यांवर हात ठेवला — इथवर खरं होतं. इथे थांबता आलं असतं. पण सगळे वळून माझ्याकडे बघत होते. मग मी म्हणाले, तो पश्चात्तापानं रडला. मग म्हणाले, त्यानं येशूचं नाव घेतलं.

कुणीतरी "प्रभूची स्तुती असो!" म्हणून ओरडलं. बायका डोळे पुसत होत्या. खुद्द पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला. माझ्या वर्गाला खुर्च्या पुरेनात. देव यहुद्यांना विसरला नाही, हे मी जिंकून दाखवलं — एका यहुद्याची शेवटची प्रार्थना त्याच्या तोंडातून काढून घेऊन.

मंडळीतली एक बाई, चांगली बाई, केक घेऊन हन्नाकाकूंचं अभिनंदन करायला गेली. असं होईल हे मला आधीच सुचायला नको होतं का? ती गेल्यावर काकू माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. "सुहास," त्या म्हणाल्या, "तो खरंच असं म्हणाला?"

तिथे फक्त आम्ही दोघी होतो. वळून बघणारं कुणी नव्हतं, ओरडणारं कुणी नव्हतं. "नाही काकू" एवढंच म्हणायचं होतं.

मी "हो" म्हणाले.

त्यांनी चौकट धरली. म्हणाल्या, "त्याला शांत वाटलं असेल तर बरंच झालं. तू होतीस त्याच्याजवळ." त्यानंतरही मलिद्याची वाटी येत राहिली. मी खात राहिले.

वर्षानं दगड बसवायचा होता. त्यांच्या दफनभूमीत दगडावर वर हिब्रू ओळ असते, खाली मराठीत नाव. काकूंनी मला बरोबर नेलं. कारागिरानं विचारलं, वर काय घालू? काकू म्हणाल्या, काही नको. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शेवटी त्यानं दुसरी वाट धरली, तर आमची ओळ त्याच्यावर कशी लादू? आणि तुमचा क्रूस घालायला माझा हात धजत नाही. नाव तेवढं खरं." केवढी ही बाई! इतकं दुखत असताना तिला नवऱ्याच्या डोक्यावर खोटं चालत नव्हतं. आणि खोटं शेजारी उभं होतं, हातात फुलांची पिशवी घेऊन.

पुढे काकू एझ्राकडे इस्राएलला गेल्या. संदेष्ट्यांनी सांगितलेल्या त्या भूमीत. माझ्या वर्गात त्यावरही एक रविवार गेला. या वर्षी त्या तिथेच वारल्या. एझ्राचा फोन आला. इतक्या वर्षांनीही मराठी तसंच. "ताई, एक काम होतं. आईनं सांगून ठेवलंय — बाबांच्या दगडावर जेवढं आहे तेवढंच माझ्यावर घाला, वर ओळ नको. त्याला नाही तर मला कशाला? इथे ते नुसतं नाव कसं बसवायचं ते दाखवायला बाबांच्या दगडाचा फोटो हवाय. पाठवशील?"

मी वरळीला गेले. दगडावरचा पाचोळा हातानं झाडला, धूळ ओढणीनं पुसली. पहिला फोटो हलला, म्हणून दुसरा काढला. त्यात नाव अगदी स्वच्छ आलं, आणि वरची रिकामी जागाही.

तो पाठवला.