विमानातली तुळई

उसाच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करण्यात द्वारकाबाईची बावीस वर्षं गेली होती, आणि तिला शहाणपण शिकवणारे पुरुषच तिला जास्त भेटले होते. विजयसिंहनं इंदापूरच्या हायवेवर हॉटेलासाठी एक जुनं विमान आणून उभं केलं होतं आणि आतल्या कामाला तिला बोलावलं होतं. महायुद्धात बाँब टाकणारं हे विमान पुढं कुणा शेठनं स्वतःच्या प्रवासासाठी घेतलं आणि आत सोफे बसवले. पण पंख पेलणारी पोलादी तुळई आतून आडवी जात होती. तिच्याखालून वाकूनच जावं लागे.

"काप ती," विजयसिंह म्हणाला. "उद्घाटनाला येणारं साहेब वाकतील व्हय?"

"मोरगावच्या देवळात वाकत्यात की! दोन्ही पंख हिच्यावरच हायेत, दादा. पंखांखाली टेबलं मांडलीत तुमी."

"बाई, इंजिनिअर होऊ नको."

द्वारकाबाईचं टाळकं सणकलं. बाहेर जाऊन तिनं पंखाखाली खुर्ची ओढली. "या, हितं बसा. वैनीला, पोरांनाबी बसवा. मग कापते!"

"दुसरा वेल्डर आणतो."

"आणा. मी हितनं हलत न्हाय," म्हणत ती स्वतःच खुर्चीत बसली.

दुपारपर्यंत दोन वेल्डर आले आणि तिला तिथं बसलेली बघून परत गेले.