छातावीराचा बडग्या

हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. असा गाढवपणा अख्ख्या नागपुरात माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी केला असेल, तर मला त्याच्या पाया पडायचंय!

माझा मोठा भाऊ मनोजदादा, आईचा मन्या, कामठीला ऑटो चालवायचा आणि सीटखाली जुनी कॉमिक्स ठेवायचा. त्यांत शेवटच्या दोन-चार पानांत एक हिरो यायचा, छातावीर. गोळी, वीज, दगड, त्याच्या छत्रीपुढे काही चालत नाही. पण ती छत्री तो कायम दुसऱ्यावर धरतो आणि स्वतः मार खातो!

दादा चिडायचा. "उडणाऱ्यावर पिक्चर निघते, भिंती फोडणाऱ्यावर निघते, याच्यावर काहून नाही निघत बे? निघाला न, तर पहिला शो तुले दाखवीन."

उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. पिक्चर काही निघाला नाही.

मग मीच ठरवलं. छातावीर साऱ्या नागपूरला दाखवायचा! आणि एवढी पब्लिक एका जागी जमते कधी? मारबतीला!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे राक्षसिणीचा भला मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. सोबत बडगे, म्हणजे लोकांना छळणाऱ्या वाईट गोष्टींचे पुतळे. "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत त्यांना गावाबाहेर नेतात आणि जाळतात.

तुम्ही म्हणाल, नागपूरचा पोट्टा, आणि एवढं कळलं नाही? कळत होतं हो! लहानपणापासून त्यात नाचलोय. पण डोक्यात फक्त गर्दी होती.

लकडगंजच्या आरा मशीनवर मी लाकडं उचलतो. तिथून बांबू आणले, कागद चिकटवला, घराएवढा छातावीर उभा केला. कॉमिकमधला त्याचा चेहरा पानं उलटून उलटून पुसला गेला होता. म्हणून मनानेच रंगवायला बसलो, आणि दादाच उतरला. तेच वाकडं हसू, तीच तुटकी भुवई. बदलायला गेलो, पण हात वळेना.

ठेल्यावर उभा करून मिरवणुकीत घुसलो. एका काकांनी विचारलं, "हा कोण गा? विमा एजंट?"

"हिरो हाय, काका! छातावीर!"

"मंग हिरोले जाळून काहून राहिला बे?"

आई शप्पथ! तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला!

ठेला मागे वळवायला गेलो, तर मागून कोणी तरी ओरडलं, "छत्री हाय पाहा! यंदा घराघरात पाणी घुसलं, त्याचा बडग्या हाय!"

झालं! "नालीचं पाणी घेऊन जा गे मारबत!" हजार गळे एकदम. ठेला पुढे, मी मागे! शेवटी पुतळ्याच्या पायालाच मिठी मारली.

"याले नका नेऊ! माझा दादा हाय!"

"वाह! काय ॲक्टिंग करून राहिला बे पोट्टा!"

मी रडलो की शिट्ट्या. जास्त रडलो की जास्त शिट्ट्या. ढोलवाला तर माझ्या कानाशी येऊन वाजवायला लागला! जाळायच्या जागी तिघांनी मला पायावरून सोलून काढलं.

कागदच तो. कितीसा वेळ लागतो?

दादाला दुसऱ्यांदा जळताना पाहिलं.

घरी आलो तर आई शेजारणीसोबत मोबाइलवर मिरवणुकीचा व्हिडिओ पाहत बसलेली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"हा मन्या हाय न?" तिने विचारलं.

"हो, आई."

तिने व्हिडिओ पुन्हा लावला. पडद्यावर बोट फिरवलं. "किती उंच दिसून राहिला. केवढी पब्लिक जमली गा त्याच्यासाठी!"

मला भरून आलं. वाटलं, चला, कोणी तरी त्याला हिरो म्हणून पाहिलं.

तेवढ्यात तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि शेजारणीला म्हणाली, "अन् त्याच्या पायाले लोंबकळून बोंबलून राहिला, तो बावळट पोट्टा कोणाचा हाय वं?"

"तुझाच, आई."