गुरुवारी कुरुळीला, गाणं भरायला

घरच्या घरी गाणं करायचं मनात आहे, पण स्टुडिओचं भाडं परवडत नाही, अशांना आमची निगडी ते कुरुळी सहल उपयोगी पडेल.

मी आणि माझी धाकटी जाऊ मंदा, आमची जोडी 'दोन जावा'. धाराशिवकडच्या आमच्या सासूबाई जात्यावर भवानीच्या ओव्या म्हणायच्या. ती चाल आता आम्हा दोघींनाच येते. वरची ओळ मंदाची, खालची माझी, खंजिरीही माझी. मंदा दुसऱ्याच दिवशी लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला निघणार होती, ती काही महिन्यांसाठी. तेव्हा गाणं भरायचं, म्हणजे रेकॉर्ड करायचं, तर त्याच गुरुवारी. यूट्यूबवर चढवायला पैसे लागत नाहीत हे पक्कं विचारून घेतलं आणि निघालो.

निगडीहून भोसरी, तिथून चाकणची बस, कुरुळी चाकणच्या अलीकडेच. दोघींचं जाऊन-येऊन भाडं दीडशेच्या आत. खिडकी मिळाली तर मोशीला इंद्रायणी दिसते, तेवढे हात जोडून घ्यावेत. माझा उपास, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी. खंजिरी मांडीवर पाहून कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे वाजवायचं का पीठ चाळायचं?"

"तुम्ही तिकीट फाडा," मंदा म्हणाली, "पीठ असेल तर तेही चाळून देऊ."

कुरुळीत मंदाचा भाचा अमोल भाड्याच्या खोलीत राहतो, कंपनीत कामाला आहे. त्याने भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या आणि माइकवर मोजा चढवला होता. मोजा धुतलेला आहे का, हे विचारूनच मी देवीचं नाव घेतलं.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणजे मशिनं बंद, म्हणजे शांतता, असा आमचा हिशेब. कंपन्या बंद म्हणजे सगळे कामगार घरी, हे तिघांच्याही डोक्यात आलं नाही. एका खोलीत मिक्सर, एकीत क्रिकेट, अंगणात पाण्याची मोटर, आणि भिंतीपलीकडे घरमालकीण पारूबाईंची मालिका.

"काकू, थांबा, मिक्सर आला," अमोल मला म्हणाला. मी हातानेच त्याला गप्प केलं. देवीची ओवी मध्येच तोडायची नाही, ही सासूबाईंची शिस्त. मिक्सरसकट पूर्ण म्हटली. मग कुकरच्या शिट्ट्यांसकट पूर्ण म्हटली.

"बिघडलेलं गाणं शेवटपर्यंत म्हणून उपयोग काय, काकू?"

"तुझ्या लॅपटॉपला नसेल. देवीला आहे."

दुपार झाली तशी मंदाचा घसा बसत आला. "ताई, राहू दे," ती म्हणाली. "आता काही होत नाही." तिचे डोळे भरले होते. मी तिला खडीसाखर दिली.

तेवढ्यात लाइट गेली. इकडे गुरुवारी जातेच म्हणे. मिक्सर, टीव्ही, मोटर सगळं एकदम गप्प. अमोल कुजबुजला, "बॅटरी एकाच गाण्यापुरती आहे. धरा."

धरलं. मंदाही बरी लागली. पण मालिका बुडालेल्या पारूबाई दारात येऊन बसल्या, आणि ओवी ऐकणारीनं शेवटचा शब्द उचलायचा, या रीतीप्रमाणे त्यांनी तो उचलला. चांगला खणखणीत. गप्प बसा म्हणून अमोलनं त्यांना हात जोडले. पोरगं भाविक आहे असं वाटून त्यांनीही हात जोडले आणि आवाज वाढवला. थांबायचं तर नव्हतंच. शेवटची ओवी झाली, अमोलनं ती सेव्ह केली आणि लॅपटॉप विझला.

"आजी, तुमचा आवाजपण आलाय त्यात," अमोल रडवेला झाला.

"मंग? ऐकून मुकं बसायचं व्हय?"

मंदा म्हणाली, "असू दे तो. वरच्या जागी माझा घसा फाटला, तिथं यांनीच सावरलं."

आता मंदा नांदेडला आहे. गाणं यूट्यूबवर आहे, भाकऱ्या थापताना मी ते लावते. वरच्या जागी मंदा डगमगते, मागून पारूबाई येतात, आणि मी भाकरी तव्यावर टाकायची विसरते. तिसरी बाई कोण, असं ऐकणारे खाली कॉमेंटमध्ये विचारतात.

परवा अमोलकडून पारूबाईंचा निरोप आला: "आमच्या घरात मला जाऊच न्हाई. मला बी तुमच्यात घ्या."

मंदाला फोनवर विचारलं. ती लगेच हो म्हणाली. वयानं पारूबाई सगळ्यांत मोठ्या. इतकी वर्षं मी घरात थोरली होते, कुरुळीला जाऊन आले आणि मधली झाले.